लिंबाखालची आसनक्षमता

करकंबमध्ये कुणी ‘चल, हॉटेलात बसू’ म्हणालं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दार येत नाही. पत्र्याचं छप्पर, पुढच्या बाजूला चूल नाहीतर भट्टी, आणि तिथून रस्त्यापर्यंत जी काही मोकळी जागा असेल तीत टाकलेली बाकडी. झालं हॉटेल. आत बसायची सोय असते, पण ती पावसात कामाला येते, किंवा ज्याला आपण इथे दिसू नये असं वाटतं त्याला. बाकीचे सगळे बाहेर. बारावीनंतर मी इंजिनिअरिंगला पुण्यात आलो तेव्हा ‘आउटडोअर सीटिंग’ हे शब्द पहिल्यांदा वाचले, आणि बाहेर बसायला मिळावं म्हणून लोक नाव लिहून अर्धा अर्धा तास उभे राहतात हे पाहिलं. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, “मंग आत कोण बसतंय?”

आमच्या नानांचं, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांचं, असंच हॉटेल आहे. टेंभुर्णी रस्त्याला. पाटीवर नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. ‘लिंबाखाली’ म्हटलं की कळतं. लिंब म्हणजे कडुलिंब, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. पत्र्याखाली तीन टेबलं, लिंबाखाली आठ. दुपारपर्यंत चहा-भजी, आणि दिवस कलला की आमटी.

सोलापूर जिल्ह्याबाहेरच्या वाचकासाठी इथे जरा थांबतो. आमच्याकडची बाजार आमटी ही पुण्यातल्या गूळ-आमसुलाच्या आमटीची कुणी लागत नाही. तूर, हरभरा, मूग, मसूर, उडीद अशा डाळी एकत्र शिजवायच्या, भाजलेला कांदा, खोबरं, लसूण वाटून घालायचं, काळा मसाला सैल हाताने टाकायचा आणि मोठ्या पातेल्यात उकळत ठेवायचं. वर लाल कट येतो. ताटात ज्वारीच्या दोन-तीन भाकरी कुस्करायच्या, त्यावर आमटी ओतायची, बाजूला फोडलेला कांदा. पाच मिनिटांत कपाळावर घाम, दहा मिनिटांत नाक वाहतं. हा पदार्थ बंद खोलीत खायचा नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो, पत्र्याखाली तर विचारूच नका. संध्याकाळी जमिनीवर पाणी मारून लिंबाखाली टेबलं मांडली की खालून गारवा येतो आणि वरून वारा. आमटीइतकंच लोक त्या वाऱ्यासाठी येत. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, गल्ल्यावर बसून पाहिलेलं आहे. पाऊस आला की विक्री निम्म्यावर.

२०२० च्या मार्चमध्ये कंपनीने लॅपटॉप घेऊन घरी जायला सांगितलं आणि मी करकंबला आलो तो जवळपास दोन वर्षं तिथेच होतो. दिवसा कोड, संध्याकाळी नानांचा गल्ला. त्यात मला एक काम चिकटलं, ते म्हणजे सरकारी आदेश वाचण्याचं. नवा आदेश निघाला की व्हॉट्सॲपवर पीडीएफ यायची, पण तिच्या आधी तिच्या तीन अफवा येऊन गेलेल्या असायच्या. मग नाना मला म्हणायचे, “तू इंजिनेर हाईस ना, नीट वाच आन् काय लिव्हलंय ते सांग.” इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी मला इतक्या विश्वासाने काही विचारलं नव्हतं.

पहिला मोठा आदेश लक्षात आहे तो ऑक्टोबर २०२० चा. सहा महिने बंद असलेली उपाहारगृहं आणि बार ५ ऑक्टोबरपासून राज्यभर उघडायचे होते, ५० टक्के क्षमतेने.

“पन्नास टक्के म्हंजी कशाचं?”

“आसनक्षमतेचं.”

“आन् ती किती हाय आपली?”

मोजायला बसलो. पत्र्याखाली तीन टेबलं, चार-चार माणसं, बारा. लिंबाखाली आठ टेबलं, बत्तीस. एकूण चव्वेचाळीस, त्याचे निम्मे बावीस. कागदावर छान दिसत होतं. पण बाजाराच्या दिवशी लिंबाखाली साठ माणसं सहज असतात. कुणी पारावर, कुणी रिकाम्या पोत्यावर, कुणी स्वतःच्या मोटरसायकलवर, कुणी ट्रॉलीचा फाळका पाडून त्यावर, दोघे-तिघे नुसतेच उकिडवे. त्यांची क्षमता काय धरायची? झाडाची सावली दुपारी लहान असते आणि संध्याकाळी रस्त्यापलीकडे जाते. आम्ही डेटाबेस बांधतो तेव्हा काही रकाने सक्तीचे ठेवतो. तिथे आकडा टाकल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मग माणसं काहीतरी टाकून पुढे जातात आणि वर्षभराने कुणीतरी त्या आकड्यांवर आलेख काढून प्रेझेंटेशन देतो. आसनक्षमता हा तसला रकाना आहे. खोली असेल तर त्याला अर्थ आहे. लिंबाला नाही.

उघडल्यावर चार दिवसांनी एक हवालदार आले. ओळखीचेच, नानांकडे चहा घेणारे. त्यांनी पत्र्याखाली डोकावून तीन टेबलं मोजली, एक काढायला सांगितलं. नानांनी लिंबाकडे हात केला, “आन् ही?” हवालदार म्हणाले, “ते मी बघितलंच नाही. ते काय हॉटेल नव्हं.” नाना त्या दिवशी खूश झाले. मीही झालो. जे दिसत नाही त्याला नियम लागत नाही, आणि आमचा धंदा तर सगळा न दिसणाऱ्या भागात होता.

पण २०२१ च्या एप्रिलमध्ये तो भाग दिसायला लागला. ५ एप्रिलपासून ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध आले. उपाहारगृहात बसून खाणं बंद, पार्सल आणि घरपोच चालू. रस्त्याकडेच्या खाद्यविक्रेत्यांसाठी वेगळं कलम होतं, सकाळी ७ ते रात्री ८ पार्सल, जागेवर खायला देणं बंद. १४ एप्रिलच्या रात्री ८ पासून संचारबंदी लागली. कारण उघड होतं. त्या महिन्यात आमच्या गल्लीतून चार माणसं गेली, आणि बंद ठेवण्याबद्दल नानांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही. त्यांनी काही दिवस पार्सल करून पाहिलं. आमटी प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर. घरी जाईपर्यंत कट थिजतो आणि भाकरी वातड होते. लोक एकदा न्यायचे, दुसऱ्यांदा येत नसत.

मला अडकवलं ते वेगळ्या गोष्टीने. त्याच एप्रिलमध्ये पंढरपूर-मंगळवेढा विधानसभेची पोटनिवडणूक होती, १७ तारखेला मतदान. आमचं गाव तालुक्याने पंढरपुरात, पण मतदारसंघाने माढ्यात, त्यामुळे आम्हाला मत नव्हतं. राज्याच्या आदेशात निवडणुकीसाठी स्वतंत्र तरतूद होती. सभा बंदिस्त जागेत असेल तर जास्तीत जास्त ५० माणसं, मोकळ्या जागेत २००. मी ते कलम दोनदा वाचलं. म्हणजे मोकळी हवा आणि कोंदट हवा यांतला फरक आदेश लिहिणाऱ्याला पक्का ठाऊक होता, आकड्यांसकट. मोकळ्या जागेत चौपट माणसं चालतील असं त्याने लिहूनच ठेवलं होतं. फक्त ती माणसं भाषण ऐकणारी असायला हवी होती, आमटी खाणारी नव्हे.

तुम्ही म्हणाल, खाताना मास्क काढावा लागतो, फरक आहे. आहेच. मीही हेच नानांना सांगितलं. पण मग लग्नाचं काय? ११ ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने १५ ऑगस्टपासून बरीच सूट मिळाली. त्यात मंगल कार्यालयांसाठी लिहिलं होतं की लॉन किंवा खुल्या प्रांगणात क्षमतेच्या ५० टक्के, कमाल २००. बंदिस्त सभागृहात ५० टक्के, कमाल १००. लग्नातही माणसं मास्क काढूनच जेवतात. आणि उपाहारगृहांसाठी? ‘खुली अथवा बंदिस्त’, दोन्ही सरसकट ५० टक्के. खुली आणि बंदिस्त हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहून त्यांच्यात काही फरक नाही असं सांगणारं ते एकच वाक्य असावं. त्याच आदेशात वातानुकूलित उपाहारगृहांनी हवा खेळती राहावी म्हणून खिडक्या किंवा दार उघडं ठेवावं असंही होतं. आम्हाला उघडायला दारच नव्हतं.

त्याआधी जूनमध्ये पाच स्तरांची पद्धत आली होती. पॉझिटिव्हिटी किती, ऑक्सिजनच्या खाटा किती भरल्या, त्यावर जिल्ह्याचा स्तर. प्रोग्रामर म्हणून मला ती आवडली होती. अट स्पष्ट, मोजमाप स्पष्ट, निकाल स्पष्ट. पण तिसऱ्या स्तरात गिऱ्हाईक बसवायची मुभा दुपारी ४ पर्यंतच. ४ वाजता आमच्याकडे माणूस अजून रानात असतो. मुंबईतल्या ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीला ती वेळ बरोबर बसते, आमटीला नाही. आणि १५ ऑगस्टची सूट तर आमच्यापर्यंत आलीच नाही. सोलापूर जिल्ह्यात तेव्हा रुग्ण वाढत होते, आणि पंढरपूर, सांगोला, माळशिरस, माढा, करमाळा या पाच तालुक्यांत १३ ऑगस्टपासून निर्बंध पुन्हा कडक झाले. राज्य उघडत होतं आणि लिंबाखाली खुर्च्या टेबलांवर उलट्याच होत्या.

त्या दिवसांत मला एक छंद लागला. राज्याला बाहेर बसून खाणाऱ्या माणसाचं काय करायचं हे कधीपासून सुचत नाहीये, ते शोधण्याचा.

महाराष्ट्रात याचं अर्धं उत्तर ग्लासात आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा, जो मुंबई राज्याचा होता आणि आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, तो मुळात दारू पिऊ नये म्हणून केलेला कायदा. पिणं हा त्यात अपवाद, आणि अपवादासाठी परवाना. आजही कायद्याच्या भाषेत पिणाऱ्याकडे परमिट असावं लागतं. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचं परमिट पाच रुपयांना मिळतं. ‘परमिट रूम’ हा शब्द तिथून आला. त्यातला ‘रूम’ महत्त्वाचा. काळ्या काचा, जड पडदा, दिवसाही दिवे. लहानपणी पंढरपूरला जाताना अशा पाट्या दिसायच्या आणि मला वाटायचं आत दवाखाना असेल. विनापरवाना दारू पिऊ देणाऱ्या ढाब्याच्या मालकावर कलम ६८ लागतं आणि तिथे बसून पिणाऱ्यावर ८४. आमच्या जिल्ह्याच्या पानावर अशा छाप्यांच्या बातम्या नियमाने येतात. बाजेवर बसलेले पाच-सात जण, मालक आणि दंडाची रक्कम. त्यामुळे रस्त्याकडेला उघड्यावर चार माणसं रात्री नऊ वाजता बसलेली दिसली की जाणाऱ्या जीपचा वेग आपोआप कमी होतो. ती आमटी खात असली तरी.

मग आला महामार्गांचा निकाल. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीचे परवाने नकोत असं सांगितलं. अंमल १ एप्रिल २०१७ पासून. आदल्याच दिवशी वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी ते अंतर २२० मीटर केलं. हेतूबद्दल वाद नाही. पिऊन गाडी चालवणाऱ्याने माणसं मरतात. पण अंमलबजावणीत अंतर कसं मोजायचं यावर देशभर जी कल्पकता बहरली ती आमच्या क्षेत्रातल्या भल्याभल्यांना जमली नसती. केरळात एका बारने तर दारापर्यंत नागमोडी वाट बांधली, चालत गेलं की अंतर पुरं होईल अशी. नगरपालिकांच्या हद्दीतल्या दुकानांना जुलै २०१७ मध्ये मोकळीक मिळाली. ग्रामपंचायतींच्या हद्दीबद्दल राज्यांनी ठरवावं असं स्पष्ट व्हायला फेब्रुवारी २०१८ उजाडला. रस्ता तोच, गाड्या त्याच, सात महिन्यांचा फरक फक्त गावाच्या दर्जाचा.

आमच्या पुढे दीड किलोमीटरवर एक गार्डन बार होता. आंब्याची झाडं, फांद्यांना रंगीत बल्ब. तो त्या काळात बंद झाला आणि पुन्हा उघडला तेव्हा चारी बाजूंनी हिरवी शेडनेट लावून. आता आत बसलं की झाडं दिसतात पण रस्ता दिसत नाही, आणि रस्त्यावरून काहीच दिसत नाही. मालकाचं म्हणणं, जाळी लावल्यापासून विचारायला कुणी थांबत नाही.

पुण्यात या विषयाची भाषा वेगळी आहे. तिथे बाहेर बसणं म्हणजे ‘फ्रंट मार्जिन’ आणि ‘साइड मार्जिन’. इमारतीभोवती आग लागली तर बंब फिरावा, उजेड-वारा यावा म्हणून जी जागा मोकळी सोडायची असते, तिथेच हॉटेलवाले शेड टाकून टेबलं मांडतात. महापालिका जेसीबी आणते, शेड पाडते, महिन्याभरात शेड परत उभी राहते. कोरेगाव पार्क, फर्ग्युसन रस्ता, बाणेर. २०२४ च्या मेमध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर पब आणि छतावरच्या हॉटेलांवर एकदम धाडसत्र झालं. तेव्हा हिंजवडीतल्या आमच्या कँटीनमध्ये सगळे हॉटेलवाल्यांच्या नावाने बोटं मोडत होते, आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यातलेच आठ जण एका छतावर होते.

मी सगळ्या नियमांच्या विरोधात आहे असं वाटू नये म्हणून कमला मिलबद्दल लिहितो. मुंबई महापालिकेने गच्चीवरच्या हॉटेलांचं धोरण बऱ्याच राजकीय ओढाताणीनंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये मंजूर केलं. दोन महिने व्हायच्या आत, २९ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, लोअर परळच्या कमला मिल आवारात ‘वन अबव्ह’ आणि ‘मोजोज बिस्ट्रो’ या वरच्या मजल्यावरच्या दोन जागांना आग लागली. १४ माणसं गेली, बरीचशी स्वच्छतागृहात अडकून, धुराने गुदमरून. बातम्यांत शब्द होता ‘रूफटॉप’. ऐकणाऱ्याला वाटतं मोकळं आकाश. पण त्या जागेवर छप्पर चढलेलं होतं, लगेच पेट घेणारं. मोकळी जागा जोपर्यंत मोकळी असते तोपर्यंत ती सुरक्षित. तिच्यावर ताडपत्री, बांबू, सजावटीचं कापड चढलं की ती बंद खोलीहून वाईट, कारण बंद खोलीला निदान दार कुठे आहे ते ठरलेलं असतं. हे कळायला मला चौदा माणसांच्या बातम्या वाचाव्या लागल्या. नानांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, चुलीवर कापड कोण बांधतंय?

माझ्या टीममधला एकजण न्यूयॉर्कला, क्वीन्समध्ये असतो. त्याला मी एकदा कॉल संपल्यावर लिंब दाखवला होता, लॅपटॉप उचलून. त्याने त्याच्याकडचं सांगितलं. तिथे २०२० च्या जूनमध्ये शहराने हॉटेलांना फुटपाथवर आणि रस्त्याकडेच्या पार्किंगच्या पट्ट्यात टेबलं मांडू दिली. लोकांनी लाकडी शेड बांधल्या, मग उंदीर झाले, पार्किंगवरून भांडणं झाली, कोर्टकज्जे झाले. २०२३ मध्ये त्यांनी कायमचा कायदा केला. फुटपाथवर बारा महिने, रस्त्यावर १ एप्रिल ते २९ नोव्हेंबर, चौरस फुटाप्रमाणे भाडं, शेड अशी हवी की हिवाळ्यात उचलून नेता येईल. तो वैतागून सांगत होता, किती फॉर्म, किती महिने लागतात, लहान हॉटेलवाल्यांना परवडत नाही. मी ऐकत होतो आणि मला त्या फॉर्मचा हेवा वाटत होता.

कारण २०२३ च्या डिसेंबरात आम्हाला नोटीस आली. कुठल्या खात्याची ते सांगत नाही, सांगून उपयोग नाही. रस्त्याच्या हद्दीतलं अतिक्रमण सात दिवसांत काढावं. मोजणी झाली, चुन्याची रेघ आली. पत्र्याची शेड आमच्या जागेत निघाली, लिंब आणि त्याखालची आठही टेबलं रस्त्याच्या हद्दीत. झाडाला कुणी काही म्हटलं नाही. झाड राहील, टेबलं काढा.

मी पुण्याहून दोन दिवसांची रजा काढून गेलो. येताना एसटीत बसून २०१४ चा पथविक्रेता कायदा वाचून काढला होता. चांगला कायदा आहे. विक्रेत्यांचं सर्वेक्षण झाल्याशिवाय कुणाला उठवायचं नाही, शहर फेरीवाला समिती हवी, तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी हवेत. पण तो महानगरपालिका, नगरपालिका, नगरपंचायती अशा शहरी संस्थांसाठी. करकंबला बाजार आहे, बँका आहेत, पोलीस ठाणं आहे, कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या गावातून रात्रभर वाहतात. तरी कारभार ग्रामपंचायतीचा. हिंजवडीही ग्रामपंचायतच, पण तिथल्या चहावाल्याची गोष्ट वेगळी, तो उठला तर हजार इंजिनिअर ट्वीट करतील.

मी एक अर्ज लिहिला. सायंकाळी ६ ते १० एवढ्याच वेळात आठ टेबलं ठेवू द्यावीत, पक्कं बांधकाम करणार नाही, डांबरापासून अमुक फूट अंतर सोडू, कचरा आम्ही उचलू, योग्य ते भाडं भरू. मसुदा चांगला झाला होता, क्वीन्सवाल्या मित्राच्या नियमावलीतली दोन कलमं ढापली होती. कचेरीतल्या भाऊसाहेबांनी तो शांतपणे शेवटपर्यंत वाचला. माणूस सज्जन होता. म्हणाला, “साहेब, पेट्रोल पंपाला रस्ता जोडायचा असंल तर अर्ज आहे. पाइपलाइन आडवी न्यायची तर आहे. केबल टाकायची तर आहे. बसायचा अर्ज नाही.”

नानांनी सातव्या दिवशी स्वतःच टेबलं उचलली. जेसीबी येऊ दिला नाही. हवालदारांनी तीन वर्षांपूर्वी जे बघितलं नव्हतं, ते नसलेलंच राहिलं. त्याची कुठे नोंद नव्हती, परवाना नव्हता, पावती नव्हती. अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा कागद भिंतीवर आहे, वर्षाला १०० रुपये भरून मिळणारा. त्यात नाव आहे, पत्ता आहे, चौदा आकडी क्रमांक आहे. लिंब नाही.

मग शेडच्या मागे आमच्याच जागेत हॉल बांधला. चार लाखांचं कर्ज, निम्म्याचा जामीन मी. सहा टेबलं, चार पंखे, पांढऱ्या फरशा. पहिल्याच आठवड्यात कळलं की आमटीचा ठसका हॉलमधून बाहेर जात नाही. एकाने खोकायला सुरुवात केली की सगळा हॉल खोकतो. दोन एक्झॉस्ट फॅन बसवले. जुना आचारी तोवर टेंभुर्णीला लागला होता, त्याला सहा महिने निभावणं शक्य नव्हतं आणि नानांनी अडवलंही नाही. बाजाराच्या दिवशीची विक्री अजून पूर्वीच्या दोन तृतीयांशाच्या पुढे गेलेली नाही. हिशेबाची एक्सेल मीच ठेवतो, म्हणून माहीत आहे.

एक मात्र लिहायला हवं, कारण ते मला लिंबाखाली बसून कधीच दिसलं नव्हतं. हॉल झाल्यावर बायका यायला लागल्या. आधी पंढरपूरहून परतणारी कुटुंबं, मग गावातल्याच. लिंबाखालची मोकळी जागा सगळ्यांची आहे असं आम्ही समजत होतो, पण तिथे रात्री आठला बसलेली बाई मी अख्ख्या लहानपणात पाहिली नाही. काकू तीस वर्षं त्या हॉटेलच्या भाकऱ्या थापतात. त्यांनी स्वतः तिथे टेबलावर बसून ताट घेतलं ते हॉलमध्ये, गेल्या दिवाळीत. आईही होती. आई पंख्याखालची जागा सोडायला तयार नव्हती, आणि म्हणाली आमटी जरा पातळ झालीय. नाना ऐकून न ऐकल्यासारखं करत होते.

त्याच सुमारास, २०२५ च्या ऑक्टोबरात, सरकारने स्पष्ट केलं की दारू विकणारी ठिकाणं सोडून राज्यातली दुकानं आणि उपाहारगृहं चोवीस तास उघडी ठेवता येतील. गावाच्या ग्रुपवर पीडीएफ आली. मी सवयीने वाचून दाखवली. नाना म्हणाले, “चोवीस तासाचं काय करू? दोन तास भायेर बसू द्या म्हनावं.”

परवा कर्जाच्या नूतनीकरणाचा ऑनलाइन फॉर्म भरत होतो. व्यवसायाचा प्रकार, उलाढाल, कामगार किती, आणि लाल तारका असलेला रकाना, आसनक्षमता. मी विचारलं, किती टाकू? नानांनी हॉलकडे न बघताच सांगितलं, “चोवीस टाक.” मी चोवीस टाकलं. पान पुढे गेलं. रस्त्याच्या पलीकडे दोन पोरं हॉलमधून ताटं घेऊन गेली होती आणि मोटरसायकलच्या सीटवर ठेवून उभ्याने भाकरी कुस्करत होती. नानांनी जरा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि आत आवाज दिला, “आरं, त्या दोघास्नी कांदा नेऊन दे.”